परक्या भांडाराची मोहर

आम्हां रायपूरच्या कचेरीतील मंडळींना थैलीवरील लाखेची मोहर तपासण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. संगणकाच्या जगातही अशीच एक मोहर एकदा कामी आली. १९९३ साली आरंभलेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीत आज्ञावल्या अधिकृत भांडारातून येतात. परंतु चित्रफिती व संगीत यांची काही साधने तेथे नसत. ती लोक ‘डेबियन-मल्टिमीडिया’ या खासगी भांडारातून घेत. भांडाराचा पत्ता एकदा यादीत लिहिला, की प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी यंत्र तेथे जाई. २०१२ साली त्या भांडाराने नाव बदलले, आणि सोडून दिलेला पत्ता पुढे अनोळखी हाती गेला! जून २०१३ मध्ये डेबियनने सर्वांस कळविले, की ती ओळ यादीतून काढून टाकावी. सुदैवाने २००७ च्या आवृत्तीपासून भांडाराची अंकीय स्वाक्षरी तपासली जात होती. नुसता पत्ता हाती लागून ती करता येत नाही. उणीव एवढीच, की एकदा मान्य केलेली किल्ली सर्वच भांडारांना चाले. आता यादीत ‘साइन्ड-बाय’ असे लिहून प्रत्येक किल्ली तिच्याच भांडाराशी बांधता येते. नवे भांडार जोडताना किल्ली आधी चालकाच्या मूळ स्थळावरून पडताळावी, मग पत्ता लिहावा. भांडार बंद पडले, तर त्याची ओळ त्याच दिवशी खोडावी.