उच्चभ्रूकरण

उच्चभ्रूकरण : श्रमजीवींच्या जुन्या वस्तीत धनिकांनी घरे घ्यावीत, जमिनीचे व भाड्याचे दर चढावेत आणि मूळ रहिवाशांना बिऱ्हाड हलवावे लागावे, या प्रक्रियेची संज्ञा. ‘जेंट्रिफिकेशन’ हा मूळ शब्द समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनसंबंधी योजिला. मराठीत ‘अभिजनीकरण’ही म्हणतात, परंतु अभिजनांत विद्या व संस्कृती अभिप्रेत असल्याने, आणि चढविलेल्या भुवईतील तुच्छता ‘उच्चभ्रू’ या पदात उमटत असल्याने, तेच अधिक यथार्थ होय.

मुंबईचे गिरणगाव, म्हणजे कापडगिरण्यांचा व त्यांतील कामगारांचा परिसर, हे याचे सर्वांत क्लेशदायक उदाहरण. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या जमिनींच्या विक्रीस वाट मोकळी केली, आणि २००१ च्या दुरुस्तीने त्या जमिनींतील महापालिका व म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) यांचा हिस्सा फारच आकसला. एके काळी जेथे भोंग्यावर पाळ्या बदलत, जेथे एकाच खोलीत आळीपाळीने निजणारे कोकणी व घाटी कामगार खानावळवालीच्या जेवणावर दिवस काढीत, त्या लोअर परळात फिनिक्स मिलच्या आवारी मॉल उभा राहिला. घरांच्या जाहिरातींत तर त्याच लोअर परळाला ‘अप्पर वरळी’ म्हणू लागले.