टपावरचे ओझे

एसटीच्या मागच्या शिडीवरून टपावर चढणारा हमाल, दोरीने आवळलेली गाठोडी, ट्रंका आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली एखादी सायकल. हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलेले आहे. आज तशीच सायकल घरच्या जीपवजा गाडीच्या टपावर दिसते. चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी अशी गाडी घेतली, की टपावर कॅरिअर बसवावे की सायकली मागे टांगाव्यात, हा प्रश्न लवकरच घरात निघतो. दुकानदार किंमत सांगतो, दिसायला कसे ते सांगतो. उत्तराचा महत्त्वाचा भाग मात्र या कॅरिअरच्या इतिहासात आहे. टपावरची जागा फुकटची आहे असे बरीच वर्षे मानले गेले. ती तशी नाही, हे हळूहळू आणि कधी कधी फार मोठी किंमत देऊन कळले.

पन्हळीचा आधार

अमेरिकेची जीप १९४१ साली लष्करासाठी तयार झाली. ब्रिटनची लँड रोव्हर १९४८ मध्ये बाजारात आली. या गाड्या आतून आटोपशीर होत्या. लांबचा प्रवास करायचा तर सामान वर ठेवण्याला पर्याय नव्हता. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा तरुण दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि भारतातून पुढे जात १९५६ च्या मार्चमध्ये सिंगापूरला पोचले. त्यांच्या गाड्यांच्या टपांवरही सामान रचलेले होते.

हे वजन पेलत होते कोण? टपाचा पत्रा नव्हे. तो पातळ असतो आणि मध्यभागी दाबला तर वाकतो. त्या काळच्या गाड्यांना टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ असे. टप आणि गाडीची बाजू जिथे जुळतात तिथेच ती असल्यामुळे चांगली मजबूत होती. कॅरिअरचे पाय या पन्हळीत रोवून चिमट्याने आवळले, की भार खांबांमार्फत खाली उतरे. बहुतेक गाड्यांना पन्हळ असल्यामुळे एकच कॅरिअर अनेक गाड्यांना चाले. स्वीडनमध्ये १९४२ साली एरिक थुलिन यांनी मासे पकडण्याचे सापळे बनवण्यासाठी सुरू केलेली थूले ही कंपनी साठच्या दशकात अशी कॅरिअर बनवू लागली आणि पुढे त्यासाठीच जगभर ओळखली गेली.

पन्हळ गेली

१९७३ साली खनिज तेलाच्या किमती भडकल्या. गाडीने तेल कमी प्यावे यासाठी अभियंते हवेच्या अडथळ्याकडे बारकाईने पाहू लागले. हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी ६० किलोमीटरला जेवढा, त्याच्या चौपट ताशी १२० ला. म्हणून ऐंशीच्या दशकात गाड्यांचे अंग गुळगुळीत होऊ लागले आणि बाहेर आलेली पन्हळ गेली. कॅरिअरला पाय रोवायला जागा उरली नाही. मग दाराच्या चौकटीला अडकणारे, प्रत्येक गाडीच्या मापाचे वेगळे चिमटे आले. काही गाड्यांना कारखान्यातच टपावर दोन उभ्या पट्ट्या मिळू लागल्या. एका गाडीचे कॅरिअर दुसऱ्या गाडीला सहसा का बसत नाही, याचे कारण या बदलात आहे.

गंमत अशी, की हवेचा अडथळा कमी करायला पन्हळ काढली आणि तिच्या जागी त्याहून मोठा अडथळा आपण टपावर चढवला. अमेरिकी सरकारच्या माहितीनुसार टपावरच्या मोठ्या पेटीमुळे एका गॅलनमध्ये कापले जाणारे अंतर शहरात २ ते ८ टक्के आणि वेगवान महामार्गावर १० ते २५ टक्के घटते. मागे लावलेल्या पेटीमुळे ते शहरात १ ते २ आणि महामार्गावर १ ते ५ टक्के घटते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने त्या देशात टपावरच्या कॅरिअरपायी वर्षाला सुमारे १० कोटी गॅलन, म्हणजे जवळपास ३८ कोटी लिटर, पेट्रोल जादा जळते असा अंदाज केला. यात रिकामी फिरणारी कॅरिअरही आली.

गुरुत्वमध्य वर सरकतो

तेलापेक्षा मोठा प्रश्न जिवाचा आहे. खडकाळ वाटेवर पोट घासू नये म्हणून या गाड्या उंच असतात, त्यामुळे त्यांचा गुरुत्वमध्यही उंच असतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत अशा गाड्या घरोघरी आल्या. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. यांतले बरेच टायर फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला बसवलेले होते. टायरचा वरचा थर सुटे, गाडी भरकटे आणि उलटे. अशा अपघातांत दोनशेहून अधिक माणसे गेली. २००१ पासून तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने गाडी उलटण्याच्या धोक्यानुसार गुण देणे सुरू केले. त्यासाठी घेतलेले सूत्र आठवीच्या विद्यार्थ्यालाही समजेल: डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. उत्तर जितके मोठे, तितकी गाडी स्थिर.

एक उदाहरण घेऊ. गाडीचे वजन २००० किलो, गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर, चाकांमधले अंतर १५० सेंटिमीटर. गुणांक येतो १.०७. आता जमिनीपासून २०० सेंटिमीटरवर, म्हणजे टपावर, १०० किलो ठेवा. नवा गुरुत्वमध्य ७६ सेंटिमीटरवर जातो आणि गुणांक ०.९८ होतो. वजन वाढले पाच टक्के, स्थिरता घटली आठ टक्क्यांहून अधिक. प्रत्यक्षात वळणावर स्प्रिंगा दबतात, टायर दुमडतात, कडेच्या मातीत चाक रुतते. त्यामुळे गाडी या हिशेबापेक्षा लवकर उलटू शकते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. आगपेटीची रिकामी पेटी लांब कडेवर उभी करून खरबरीत फळीवर ठेवा. खालच्या बाजूला एक लहानशी पट्टी आडवी चिकटवा, म्हणजे पेटी घसरणार नाही. फळी हळूहळू तिरपी करून पेटी कोणत्या कोनाला कलंडते ते मोजा. मग पेटीवर एक नाणे चिकटवा आणि पुन्हा मोजा. नंतर तेच नाणे पेटीच्या आत तळाशी चिकटवा. तीन कोन फळ्यावर लिहिले, की आणखी काही सांगावे लागत नाही.

मग मागे टांगावे का?

१९७६-७७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात डोंगरउतारावर सायकली पळवणाऱ्या तरुणांनी जाड टायरच्या, दणकट डोंगरी सायकली घडवल्या. १९८१ पासून त्या कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागल्या. त्या डोंगरापर्यंत नेण्याची गरज वाढली, तसा गाडीच्या मागच्या कॅरिअरचाही प्रसार झाला. इथे हवेचा अडथळा कमी आणि सायकल उचलायची उंचीही कमी. वीस-पंचवीस किलोची विजेवर चालणारी सायकल डोक्यावर उचलून टपावर चढवणे सोपे नाही. शिवाय टपावर सायकल असल्याचे विसरून बुटक्या फाटकाखाली गाडी घालणारे असतातच.

पण मागची जागाही फुकटची नाही. इथे तरफेचा नियम आहे. मागच्या आसाच्या दीड मीटर मागे ६० किलो टांगले आणि दोन आसांमध्ये २.८ मीटर अंतर असले, तर पुढच्या चाकांवरचा भार ३२ किलोने कमी होतो आणि मागच्यांवरचा ९२ किलोने वाढतो. मागचे दिवे आणि नंबरपाटी झाकली जाते, ती दिसेल अशी सोय करावी लागते. खड्ड्यांच्या वाटेवर सायकली जमिनीला घासण्याची शक्यताही असते.

निवडताना

आमच्या मते क्रम असा असावा. आधी गाडीची माहितीपुस्तिका उघडावी. टपावर किती भार चालतो ते तिथे लिहिलेले असते. बहुतेक कौटुंबिक गाड्यांना तो ५० ते १०० किलो असतो. त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरायचे. मर्यादा ७५ किलोची आणि लोखंडी कॅरिअर २५ किलोचे, तर हातात ५० किलोच उरतात. खडबडीत वाटेवर प्रत्येक दणक्याला हा भार काही क्षण कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून काही उत्पादक तिथे कॅरिअरची मर्यादा दीडने भागायला सांगतात. जड वस्तू गाडीत, तळाशी. हलके आणि अवजड आकाराचे तेवढेच टपावर. सायकली शक्यतो मागे, दिवे आणि पाटी मोकळी ठेवून. निघाल्यावर थोड्या अंतराने थांबून पट्टे आणि चिमटे पुन्हा आवळावेत.

आणि सहलीहून परतल्यावर कॅरिअर उतरवून ठेवावे. पुढच्या सुट्टीपर्यंत त्याची जागा भिंतीला टेकून आहे, टपावर नाही.