तोंडातला चट्टा आणि लांबचा डॉक्टर

टाळेबंदीत आपल्यापैकी कित्येकांनी आरशासमोर गाल ओढून धरत फोटो काढला असेल आणि ओळखीच्या डेंटिस्टला पाठवला असेल. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. म्हणून ही गोष्ट कोरोनातच सुरू झाली असं आपल्याला वाटतं. आम्हाला ती बरीच मागून सांगावीशी वाटते.

१९४४ साली डॉ. वसंत खानोलकरांनी मुंबईतल्या मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. आकडा मोठा आहे, पण तो कोणाचा? जे रुग्णालयाच्या दारापर्यंत आले त्यांचा. गावात पांढरा चट्टा घेऊन कामाला जाणारा माणूस त्यात नाही. त्याला दुखतच नव्हतं, मग तो येईल कशाला?

म्हणून पुढच्या पिढीने उलटं केलं. डॉक्टरच गावात गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता, त्यांचे सहकारी आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी पुणे जिल्ह्यात घरोघर जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली. तो अहवाल १९७२ चा. लाखभर माणसांना ‘आ करा’ म्हणायचं, जीभ उचलायला लावायची, गाल बाजूला करायचा! आज एका क्लिकचं कौतुक करताना हे कष्ट आठवावेत. पण प्रत्येक खेड्यात दर दोन-तीन वर्षांनी दंतवैद्य पाठवणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

मग प्रश्न आला, बघायला डॉक्टरच हवा का? आमच्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच आहे, मोबाइल नव्हे. श्रीलंकेत प्राथमिक आरोग्य सेवकांना चट्टे ओळखायला शिकवलं गेलं. १९८४ ला प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सेवकांची नजर बहुतेक वेळा बरोबर ठरली. पण ज्यांना ‘पुढे दाखवा’ म्हणून सांगितलं, त्यांतले निम्म्याहून थोडेच जास्त लोक प्रत्यक्ष पुढे गेले. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून मोठी चाचणी झाली. तिथे तपासणारे डॉक्टर नव्हतेच, प्रशिक्षण दिलेले पदवीधर होते. २००५ साली निकाल आला: तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. (सरसकट सगळ्या लोकसंख्येत फरक इतका ठाम दिसला नाही, हेही सांगायला हवं.) आणि इथेही संशयित ठरलेल्या शंभरातले साधारण ६३ जणच पुढच्या तपासणीला आले.

हा आकडा जरा धरून ठेवा.

दूरवरून दात बघण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकन सैन्याने १९९४ च्या सुमारास केला. तिथे शस्त्रक्रियेनंतरची हिरडी तोंडातल्या कॅमेऱ्याने दाखवून सैनिकांचा परतीचा लांबचा प्रवास वाचवला. चट्ट्यांसाठी फोन वापरण्याचं मोठं काम मात्र आपल्याकडचं. बंगळुरूच्या दंतवैद्यांनी ३,४४० लोकांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला: आरोग्य सेविकेने घरी जाऊन फोटो काढायचा, माहिती भरायची आणि तज्ज्ञाने शहरात बसून पडद्यावर बघायचं. म्हणजे पद्धत श्रीलंका-केरळचीच, फक्त मध्ये चित्र आलं.

चित्रातून काय जातं? रंग जातो, तोही उजेड बरा असेल तर. ट्यूबलाइटखाली लाल चट्टा फिका दिसतो, आणि पांढऱ्यापेक्षा धोका लालचा जास्त. जिभेखालची जागा आणि जिभेची मागची कड कॅमेऱ्याला सहज सापडत नाही. व्रणाच्या कडा टणक आहेत का, हे तर बोटालाच कळतं. उलट काही गोष्टी फोनवर छान कळतात. सुपारी-गुटख्याने तोंड आखडतं, त्या विकाराला १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी ‘सबम्युकस फायब्रोसिस’ असं नाव दिलं. त्या माणसाला एवढंच म्हणायचं: ‘दादा, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बरं.’ जात नसतील, तर डॉक्टरला फोटोशिवायही बरंच समजलं.

पण दोन आठवड्यांत न भरलेला व्रण कितीही स्वच्छ फोटोत दिसला, तरी शेवटी तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच बघावा लागतो. तो तुकडा फोनवरून जात नाही. म्हणून त्या ६३ चं पुढे काय झालं यापेक्षा आम्हाला उरलेल्या ३७ ची चौकशी करावीशी वाटते. त्यांना कुणी फोन केला? तालुक्याला जायला एसटी होती का? एका दिवसाची मजुरी बुडणार होती, ती कोण भरून देणार होतं? दूरसल्ल्याच्या आजच्या योजनांमध्ये फोटो किती गेले याची नोंद असते. त्यांतले किती जण बायोप्सीच्या टेबलापर्यंत पोचले, ही नोंदही तितकीच ठळक ठेवायला हवी.