गल्लीतील खेळांचे नियम कोण ठरवतो?

समजा बंगळुरूच्या एका वस्तीत एप्रिलच्या सुट्टीत मुलामुलींची लगोरी स्पर्धा ठेवली आहे. पहिल्याच सामन्यात वाद होतो. एक संघ म्हणतो, गड्याला चेंडू लागला की सगळा डाव गेला. दुसरा म्हणतो, तेवढा एकच गडी बाद. दोघेही खरे बोलत आहेत, कारण दोघांच्या गल्लीतले नियम वेगळे आहेत. कन्नड, तमिळ, तेलुगू, दख्खनी उर्दू आणि मराठी बोलणारी मुले जिथे एकत्र खेळतात, तिथे असे होणारच. मग नियम कोणाचा धरायचा? सुमारे शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न पुणे आणि बडोदे येथे उभा राहिला होता.

त्याआधी हे नियम मुलांच्या तोंडी होते. आपल्या विटी-दांडूतील वकट, लेंड, मुंड, नाल ही मोजणी आठवा. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या एक ते चार अंकांशी तिचे साम्य स्पष्ट दिसते. म्हणजे खेळ भाषांच्या सीमा ओलांडत होता आणि त्याचे शब्द पुढच्या पिढीकडे पोहोचत होते, तेही पुस्तकाशिवाय.

विसाव्या शतकाच्या आरंभी परिस्थिती बदलली. क्रिकेटचे नियम छापलेले होते, त्यामुळे दोन अनोळखी संघही सामना खेळू शकत. देशी खेळांना ही सोय नव्हती. राष्ट्रीय भावनेने भारलेल्या व्यायामप्रेमींना ही उणीव जाणवली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खो-खोचे नियम ठरवण्याचे काम हाती घेतले. 1920 च्या दशकात बडोद्यात नियम छापले गेले आणि स्पर्धाही भरू लागल्या.

हुतूतूचे तर तीन प्रकार होते. ‘संजीवनी’त बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई. ‘गामिनी’त सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला बाहेर बसावे लागे. ‘अमर’मध्ये तो मैदानातच राही, फक्त गुण मोजला जाई. अधिकृत स्पर्धांसाठी शेवटी संजीवनी पद्धत स्वीकारली गेली आणि बाकीच्या दोन मागे पडल्या.

या बदलाने काय मिळाले? कबड्डी 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पोहोचली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत विजयी झाला. महिला गटाचे महत्त्व लक्षात घ्या. ठरावीक वयानंतर अनेक मुलींचे गल्लीत खेळणे थांबवले जाई. खेळ शाळेच्या मैदानावर आल्याने त्यांना तो पुढे चालू ठेवण्याची वाट मिळाली.

आणि काय गमावले? ‘कच्चा लिंबू’ आठवतो? सगळ्यांत लहान भाऊ किंवा बहीण खेळात असे, पण त्याला किंवा तिला कोणी बाद करत नसे. गल्लीच्या नियमात त्या मुलाला जागा होती. छापील नियमांत वयोगट आहे, संघसंख्या आहे, पंच आहे; कच्चा लिंबू मात्र नाही. लिखित नियमाने खेळ अनोळखी माणसांसाठी खुला केला आणि घरातल्या सर्वांत धाकट्याला बाहेर बसवले.

म्हणूनच वस्तीतील उन्हाळी स्पर्धेकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नका. ती गल्ली आणि क्रीडासंघटना यांच्या मधे उभी असते. तिथे सामन्याआधी दोन्ही संघांना बसवून नियम ठरवता येतात आणि कच्च्या लिंबालाही घेता येते. लगोरीच्या त्या वादात मुले जे करतात, तेच 1914 मध्ये पुण्यात मोठ्यांनी केले होते.

स्वाध्याय: आपल्या भागातील कोणत्याही एका मैदानी खेळाचे नियम घरातील दोन वडीलधाऱ्यांना वेगवेगळे विचारा आणि लिहून काढा. ते कुठे जुळत नाहीत? स्पर्धेसाठी तुम्ही त्यांपैकी कोणता नियम निवडाल, आणि त्यामुळे कोण खेळाबाहेर राहील?