फेसातलं ग्लिसरीन आणि तोफेतलं ग्लिसरीन

आजचा भाग सुरू होतो माझ्या बाथरूममध्ये. हिंजवडीतला भाड्याचा फ्लॅट, टँकरचं पाणी. ब्रश कितीही घुमवा, फेस काही येईना. आला तरी दोन मिनिटांत वाळून पापडी. गावी गेल्यावर सलूनवाल्या काकांना सांगितलं, तर ते सहज म्हणाले, "दोन थेंब ग्लिसरीन टाक की!" तेच ते, हिवाळ्यात आई गुलाबपाण्यात मिसळून ओठांना लावायची ते.

टाकलं. फेस ओला राहायला लागला. मग मला प्रश्न पडला, हे आलं कुठून?

तर १७७९ साली कार्ल शील नावाच्या स्वीडनमधल्या औषधविक्रेत्याने ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडसोबत तापवलं आणि त्याला एक गोड, चिकट द्रव मिळाला. पुढे फ्रान्सच्या मिशेल शेव्हरलने साबण अक्षरशः उलगडून पाहिला. चरबीला अल्कली लावली की ती फुटते, एकीकडे मेदाम्लं, दुसरीकडे शीलचा तो गोड द्रव. त्याला 'ग्लिसरीन' हे नाव शेव्हरलनेच दिलं, ग्रीकमधल्या 'गोड' या शब्दावरून. या संशोधनाचं त्याचं पुस्तक आलं १८२३ मध्ये. (गडी १०२ वर्षं जगला, हे जाता जाता.)

दाढीच्या साबणाची सगळी गंमत या उलगडण्यातच आहे. खोबरेल तेलाचा साबण भराभर मोठे बुडबुडे देतो, पण ते लगेच फुटतात. स्टिअरिक आम्लाचा फेस बारीक, दाट आणि टिकाऊ. सोडियमऐवजी पोटॅशियमची अल्कली वापरली की साबण मऊ होतो, पाण्यात चटकन विरघळतो. आणि ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, म्हणून फेस सुकत नाही. काकांना यातलं नाव एकही माहीत नाही, उत्तर मात्र बरोबर.

आता गोष्ट वळण घेते. साबण कारखाने बराच काळ हे ग्लिसरीन सांडपाण्यात सोडून द्यायचे. १८४७ मध्ये इटलीतल्या सोब्रेरोने त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली आणि नायट्रोग्लिसरीन तयार झालं. त्याची शक्ती बघून तो स्वतःच घाबरला. नोबेलने १८६७ मध्ये त्याचंच डायनामाइट केलं. पुढे ब्रिटिश तोफा-बंदुकांतल्या कॉर्डाइटमध्येही हेच.

म्हणजे पहिल्या महायुद्धात साबणाचा कारखाना हा दारूगोळ्याचा कच्चा माल देणारा कारखाना झाला! नाकेबंदीत सापडलेल्या जर्मनीकडे चरबीच पुरेना. मग त्यांनी यीस्टला साखर खाऊ घातली, त्यात सल्फाइट मिसळलं आणि दारूऐवजी ग्लिसरीन काढलं, महिन्याला साधारण १००० टन. मला हा हॅक भारी वाटतो आणि अंगावर काटाही येतो, कारण ते सगळं कुठे जात होतं ते आपल्याला माहितीये.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रकार थेट अमेरिकन स्वयंपाकघरात शिरला. तळणीतली उरलेली चरबी डब्यात साठवा आणि खाटकाकडे नेऊन द्या, अशी मोहीम निघाली. डिस्नेने १९४२ मध्ये त्यावर कार्टून काढलं. मिनी माउस ती चरबी प्लूटोला देणार असते, तेवढ्यात रेडिओ सांगतो की यातून स्फोटकं बनतात. बिचारा प्लूटो.

बरं, माझ्या फेसाचं काय झालं? खरा बग पाण्यातच होता. शाळेच्या पुस्तकात 'दुष्फेन पाणी' वाचलं होतं ना? त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला पकडतं आणि चिकट साका करतं. ग्लिसरीन फेस ओला ठेवतं, पण कॅल्शियम काढत नाही. आता मी वाटीभर आरओचं पाणी घेतो, त्यात ब्रश भिजवतो आणि वर काकांचे दोन थेंब.

ब्रशवरून आठवलं, पहिल्या महायुद्धात घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशमधून सैनिकांना अँथ्रॅक्स झाला होता. ती गोष्ट पुढच्या भागात. भेटूच!