विल्यम ऑस्लर यांचे जॉन्स हॉपकिन्समधून प्रस्थान

कॅनडात जन्मलेले वैद्यकतज्ज्ञ विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) यांनी १९०५ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय सोडले आणि इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे रीजियस प्राध्यापकपद स्वीकारले. निरोपाच्या भाषणात त्यांनी वय आणि निवृत्ती यांविषयी केलेल्या विधानांमुळे हे प्रस्थान विशेष गाजले.

पार्श्वभूमी

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून ऑस्लर तेथील मुख्य वैद्य होते. वैद्यकीय महाविद्यालयाची सुरुवात १८९३ मध्ये झाली. विल्यम वेल्च, विल्यम हॉल्स्टेड, हॉवर्ड केली आणि ऑस्लर हे चौघे संस्थेचे आद्य प्राध्यापक मानले जातात. विद्यार्थ्यांना केवळ व्याख्यानांतून न शिकवता रुग्णाच्या खाटेजवळ नेऊन शिकवण्याची पद्धत ऑस्लर यांनी तेथे रुजवली. त्यांचा १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेला वैद्यकशास्त्रावरील ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. कीर्तीबरोबर कामाचा ताणही वाढत गेला. १९०४ मध्ये ऑक्सफर्डचे निमंत्रण आले, तेव्हा पत्नी ग्रेस यांनीही ते स्वीकारावे असाच आग्रह धरला.

निरोपाचे भाषण

२२ फेब्रुवारी १९०५ रोजी विद्यापीठाच्या वार्षिक समारंभात ऑस्लर यांनी ‘द फिक्स्ड पीरिअड’ (नियत काल) हे भाषण केले. हे शीर्षक अँथनी ट्रोलप यांच्या १८८२ सालच्या कादंबरीवरून घेतले होते. एखाद्या संस्थेतील सर्व प्राध्यापक एकाच वेळी वृद्ध होणे तिच्या हिताचे नसते आणि जुन्यांच्या जाण्याने नव्यांना वाव मिळतो, हा भाषणातील मुख्य विचार होता. जगातील महत्त्वाचे सर्जनशील कार्य २५ ते ४० या वयात होते व साठीनंतर निवृत्त व्हावे, असेही त्यांनी म्हटले. त्यावेळी ते स्वतः ५५ वर्षांचे होते. याच ओघात, साठीच्या लोकांना वर्षभराच्या चिंतनानंतर क्लोरोफॉर्म देऊन निरोप देण्याच्या कल्पनेचा, कादंबरीचा हवाला देत, त्यांनी विनोदाने उल्लेख केला.

वाद

वृत्तपत्रांनी हा विनोद शब्दशः घेतला. ऑस्लर वृद्धांना क्लोरोफॉर्म देण्याची शिफारस करतात, अशा आशयाचे मथळे झळकले आणि त्यांच्या नावावरून इंग्रजीत एक क्रियापदही रूढ झाले. संस्थेच्या नवचैतन्याचा मूळ मुद्दा या गदारोळात मागे पडला. १९०६ मध्ये आपल्या भाषणसंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ऑस्लर यांनी याविषयी खेद व्यक्त केला. आयुष्यभर वृद्धांविषयी आदर बाळगणाऱ्याला त्यांचा शत्रू ठरवले गेले, याचे त्यांना दुःख होते.

उत्तरकाळ

जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांच्या जागी लुएलिस बार्कर यांची नेमणूक झाली. ऑस्लर यांना १९११ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. त्यांचा मुलगा रेव्हेर १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. २९ डिसेंबर १९१९ रोजी, वयाच्या ७० व्या वर्षी, ऑक्सफर्ड येथे ऑस्लर यांचे निधन झाले. साठीनंतर निवृत्त व्हावे असे सांगणारे ऑस्लर स्वतः मात्र अखेरपर्यंत प्राध्यापकपदावर होते.