आयडॉस विकली गेली, जठारपेठेला पत्ता नव्हता

अकोल्याच्या जठारपेठेत माझं गेम पार्लर होतं. आधी टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम, मग 2003 च्या सुमारास कॉम्प्युटर. अर्ध्या तासाला पाच रुपये. मूर्तिजापूरहून शिकायला आलेले पोट्टे, कृषी विद्यापीठाचे होस्टेलवाले, सगळ्यांना हवा 'आयजीआय'. त्यात मोहीम सुरू असताना सेव्ह करायची सोयच नव्हती आणि आपल्याकडे लोडशेडिंग. शेवटाला आलेल्या पोराची लाइट गेली की तो माझ्यावर उखडायचा, "भाऊ, इन्व्हर्टर काऊन नाही घेत तुम्ही?"

हा गेम बाजारात आणणारी ब्रिटनची आयडॉस 2005 साली एससीआयने घेतली, 2009 साली जपानच्या स्क्वेअर एनिक्सने. 'एज ऑफ एम्पायर्स' करणारा एन्सेम्बल स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने 2001 साली घेतला आणि 2009 च्या जानेवारीत बंद केला. वावर विकलं की सालदाराचं काय होतं, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. पण या सौद्यांची झळ आमच्या गल्लीत पोहोचलीच नाही. आमच्या सीड्या नागपूरच्या सीताबर्डीहून यायच्या, अर्थात कॉपी केलेल्या. मालकाला आमच्याकडून दमडी जात नव्हती, म्हणून त्याचं आमच्यावर काही चालतही नव्हतं.

'क्रिकेट 07' बघा. ईए कंपनीने 2006 च्या अखेरीस तो काढला आणि पुढे ती मालिकाच सोडून दिली. पण आयपीएल सुरू झाल्यावर पोरं पेनड्राइव्हमध्ये नव्या जर्सी, नवे खेळाडू घेऊन अमरावतीहून अकोल्याला यायची, गेममध्ये घालून द्यायची. कंपनीने टाकलेलं पोर इथे वाढत होतं! त्याच ईएला सौदी अरेबियाचा सरकारी निधी दोन भागीदारांसह 55 अब्ज डॉलरला घेणार, असं 2025 च्या सप्टेंबरात जाहीर झालं. माझा एक जुना गिऱ्हाईक अजून तोच 'क्रिकेट 07' खेळतो.

मोबाइल आला आणि हे सगळं फिरलं. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने पबजीवर बंदी घातली, कारण भारतात तो चालवत होती चीनची टेन्सेंट. तरी ज्यांच्या फोनमध्ये गेम होता, ते बिनधास्त खेळत राहिले. 30 ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाला तेव्हा खेळ खरा थांबला. कोरियाच्या क्राफ्टनने 2021 साली तोच गेम 'बीजीएमआय' म्हणून आणला. 2022 च्या जुलैत तो पुन्हा गेला, 2023 च्या मे महिन्यात परत आला.

याच क्राफ्टनने 2025 च्या मार्चमध्ये 'रिअल क्रिकेट' करणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलचा ताबा 118 कोटींना घेतला. 2020 पासून ती पुण्याच्याच जेटसिंथेसिसकडे होती. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजनसाठी मोजलेल्या 68.7 अब्ज डॉलरपुढे ही रक्कम चिल्लरच. पण माझा पुतण्या रोज हेच क्रिकेट खेळतो, म्हणून बातमी त्याला वाचून दाखवली.

त्याने फोनवरून मान वर केली. "काका, मंग माह्या टीमचे पॉइंट राह्यतीन ना?"